आधी आईचा हात, मग कॅलिबर

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवान्याचं काम झाल्याचं कळलं. तुमचा निरोपही मिळाला: .४५ घ्यावी की .३५७ मॅग्नम, तेवढं कळव. फोनवर सांगता आलं असतं, पण मग ते तुमच्यामाझ्यातच राहिलं असतं आणि या विषयात आईला बाजूला ठेवणं मला मान्य नाही. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

घरात बंदूक यावी की नाही यावर आपलं पुष्कळ बोलून झालंय. निर्णय तुम्ही दोघांनी घेतलाय, मी त्याचा मान ठेवते. आता कोणती घ्यायची एवढंच उरलंय. त्यावर माझं म्हणणं असं की कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी आईच्या हाताला काय झेपतं ते बघायचं.

बाबा, तुम्ही रात्री कानातलं यंत्र काढून झोपता. काच फुटली तर जाग आधी आईला येणार. त्या वेळी तिला पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढता येत नसेल, तर तिच्या लेखी ते नुसतं लोखंड. शिवाय तिला ते रिकामंही करता येणार नाही, म्हणजे तुम्ही घरी नसताना भरलेलं पिस्तूल तसंच पडून राहणार, आणि हे मला जास्त धोक्याचं वाटतं. आईला जे पेलेल ते तुम्हाला पेलेलच. तुम्हाला पेलणारं तिला पेलेल याची मात्र खात्री नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात पहिलं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, चढवायला वरची स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडावी लागते. आत ताठ स्प्रिंग असते, आणि आईच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. आई, स्लाइड चिमटीत धरून ओढायला जाऊ नकोस, दुखऱ्या अंगठ्याने तशी ती नीट ओढता येणार नाही. पिस्तूल छातीजवळ घे, नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. डावा तळवा वरून स्लाइडवर ठेव, चारही बोटांनी पक्की मूठ वळ, आणि डावा हात जागच्या जागी ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. ढकलताना खांद्याचं आणि दंडाचं बळ लागतं, अंगठ्यावर ताण येत नाही. स्लाइड पूर्ण मागे गेली की सोडून दे. हाताने धरून हळूहळू पुढे नेलीस तर काडतूस अर्धवट अडकून बसतं.

दुकानात तुम्हाला हमखास सांगतील की बाईंसाठी लहान कॅलिबरचं छोटं पिस्तूल बरं, त्याची स्लाइड हलकी असते. यावर विश्वास ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच छोट्या .३८० पिस्तुलांत नळी जागेवर पक्की असते आणि स्लाइडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग रोखून धरतात. त्यामुळे स्प्रिंग भक्कम ठेवावी लागते, आणि कमी ताकदीची गोळी असूनही स्लाइड ओढायला जड जाते. ज्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर बरोबर मागे येतात, त्यात स्प्रिंग मऊ ठेवता येते. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझी’ नावाचं .३८० पिस्तूल काढलं ते नेमकं अशा हातांसाठी, आणि २०२० मध्ये त्याचंच ९ मिमी रूप आणलं. स्लाइड सहज ओढता येते, काडतुसं ठेवायचं मॅगझिन भरायलाही सोपं आहे. आईने आधी हे हातात घेऊन बघावं.

दुकानदारांचा दुसरा आवडता सल्ला म्हणजे दोन इंची नळीचं, हलक्या धातूचं रिव्हॉल्व्हर. ‘बायकांना हेच सोयीचं’ असं ठासून सांगतात, आणि ते ऐकलं की मला खरंच राग येतो. गोळी पुढे जाते तेवढाच रेटा हाताला मागे बसतो. बंदूक जितकी जड, तितका तो झटका ती स्वतः पचवते. सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलेली गोळी तळहाताला झोंबते, चार इंची नळीच्या किलोभर वजनाच्या स्टीलच्या रिव्हॉल्व्हरमधून तीच गोळी निमूट जाते. त्यात छोट्या नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ येतात की नेमातली बारीकशी चूकही लांबवर मोठी होते. ही हत्यारं खिशात लपवून नेण्यासाठी, सराईत हातांसाठी केलेली आहेत. नवख्या माणसाला ती द्यायची म्हणजे दोन-चार गोळ्यांतच त्याला सरावाची धास्ती बसवायची.

रिव्हॉल्व्हर वाईट नाही. स्लाइडची भानगड नाही, चक्री बाहेर काढली की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं, आणि एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढची समोर येते. पण घोडा आधी न चढवता ट्रिगर ओढायचा तर साधारण पाच किलोचा जोर लागतो, तोही एका बोटाने. बाहेर घोडा नसलेल्या, स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलाला त्याच्या निम्म्याने पुरतो. आईच्या तर्जनीला हे जमतंय का, ते रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर तपासा. एकदा नको, लागोपाठ पाच-सहा वेळा, माशी न हलवता.

मापाचंही बघा. पिस्तूल हातात धरल्यावर नळी मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत यायला हवी, आणि तशी धरलेली असतानाच तर्जनीचं पेर ट्रिगरच्या मध्यावर पोचायला हवं. बोट पोचत नाही म्हणून मूठ वाकडी करावी लागली, तर ते पिस्तूल आपलं नाही, मग कितीही नावाजलेलं असो.

आता कॅलिबर. बाबा, मोठी गोळी म्हणजे हमखास माणूस आडवा, ही समजूत फार जुनी आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी दंडातून छातीत लागली, पण हृदयापर्यंत पोचली नाही, आणि त्यानंतरही तो लढत राहिला. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. दोष गोळीवर आला. एफबीआय आधी १० मिमीकडे वळली. त्याचा झटका बऱ्याच जणांना सोसेना, म्हणून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस आलं. पण त्याच घटनेतून गोळ्या तपासायची काटेकोर पद्धतही आली: बॅलिस्टिक जिलेटिनमध्ये, म्हणजे मांसाच्या जागी वापरायच्या घट्ट जेलीत, गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. कारखान्यांनी त्या कसोटीवर गोळ्या सुधारत नेल्या, आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीच्या बाजूने कौल दिला. कारण असं की चांगल्या गोळ्या वापरल्या तर जखमेत फारसा फरक दिसत नाही, आणि बहुतेकांचा नेम ९ मिमीने जास्त जलद आणि अचूक लागतो.

तुमची .४५ जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखली. काडतूस उत्तमच आहे. पण नेहमीच्या .४५ ची ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास, आणि ९ मिमीचीही जवळपास तेवढीच. .४५ ची गोळी जड, म्हणून धक्का जास्त, आणि त्याच आकाराच्या मॅगझिनमध्ये काडतुसं कमी मावतात. .३५७ मॅग्नम १९३५ चं. ताकद दणदणीत आहे, पण बंद खोलीत त्याचा आवाज आणि जाळ तुम्हालाच क्षणभर आंधळं-बहिरं करेल. तुमच्या उरलेल्या ऐकू येण्याची मला काळजी आहे. साध्या ९ मिमीचा आवाजसुद्धा १६० डेसिबलच्या घरात जातो. नेमबाजीच्या रेंजवर कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घालायचेच.

म्हणून माझा क्रम असा: आईला स्लाइड जमली तर ९ मिमी, मध्यम किंवा मोठ्या आकाराचं. ९ मिमीचा झटका नकोसा झाला तर सोप्या स्लाइडचं .३८०. स्लाइड अजिबातच जमली नाही तर स्टीलचं रिव्हॉल्व्हर, .३८ स्पेशल काडतुसांसह. बाबा, तुमचं मन मॅग्नमवरच असेल तर रिव्हॉल्व्हर .३५७ चं घ्या, त्यात .३८ स्पेशल बिनधास्त चालतं. .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम मात्र कधीही नाही. यातलं परवान्यात काय बसतं ते आधी बघा, कारण काही देशांत ९ मिमीसारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकांना मिळत नाहीत. .२२ ला झटका नसल्यातच जमा, म्हणून सरावाला सुरेख. स्वसंरक्षणासाठी मात्र दुसरं काहीच पेलत नसेल तरच, कारण त्याचं काडतूस पेटण्यात दगा देण्याची शक्यता जास्त असते.

एक गोष्ट आईने पाठ करावी. .३८० ला काही ठिकाणी ‘९ मिमी शॉर्ट’ म्हणतात आणि ते नेहमीचं ९ मिमी नव्हे. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. या काडतुसांच्या बुडावर सहसा कॅलिबर कोरलेलं असतं, नळीवर किंवा स्लाइडवरही असतं. दोन्ही जुळवून बघायचं, चष्मा लावून.

गोळी कायद्याने चालत असेल तर हॉलो पॉइंट घ्या. तोंडाशी पोकळी असल्यामुळे ती शरीरात फुलते आणि आरपार जाऊन पलीकडच्याला लागण्याची शक्यता कमी होते. पण नेम चुकला तर आतल्या पातळ भिंतीतून ९ मिमीच काय, .३८० सुद्धा पार जाते. तुमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मुलं झोपतात, हे नेम धरतानाच डोळ्यांसमोर हवं. सरावाला साध्या गोळ्या चालतील, पण घरात ठेवायच्या गोळ्यांचंही एखादं-दुसरं खोकं त्याच पिस्तुलातून झाडून बघा. काही पिस्तुलांना काही गोळ्या मानवत नाहीत.

बाबा, मोतीबिंदूनंतर तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं आणि जवळचं धूसर, म्हणजे माशीच दिसणार नाही. पुढची माशी ठळक रंगाची घ्या, किंवा रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बसवता येईल असं पिस्तूल बघा. त्यात नजर समोरच ठेवायची असते.

पिस्तूल उशाखाली किंवा कपाटात कपड्यांमागे ठेवायचं नाही, यावर मी कुणाचंच ऐकणार नाही. पलंगाशेजारी भक्कम बसवलेली, बटणांच्या आकड्यांनी उघडणारी पेटी हवी, आकडे फक्त तुम्हा दोघांना ठाऊक. रात्री काही झालं तर घरभर शोधत फिरायचं नाही. दोघं एका खोलीत, दार आतून बंद, आई पोलिसांना फोन लावेल, बाबा दाराकडे तोंड करून. जो कोणी आत येईल त्याचं तोंड टॉर्चमध्ये दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही. रात्री-बेरात्री तुमच्या घरात किल्ली लावून मीच येते, दादा येतो. आणि कुणी टीव्ही घेऊन पळत असेल तर पळू द्या. कायदा बहुतेक ठिकाणी जीव वाचवण्यापुरतीच गोळी मान्य करतो, आणि मलाही तेवढीच मान्य आहे.

हे पुढचं लिहायला जड जातंय, पण लिहिते. कॅलिफोर्नियात अडीच कोटींहून जास्त प्रौढांची बारा वर्षांची नोंद तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. बाबा, निवृत्तीनंतरचे तुमचे ते गप्प-गप्प महिने मी विसरलेले नाही. तसे दिवस पुन्हा आले, किंवा दोघांपैकी कुणाला गॅस बंद केला की नाही, आज वार कोणता, हे आठवेनासं झालं, तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर काढायचं, कायद्याने जिथे ठेवता येईल तिथे. आणि ते कुणी सांगितलं तर वाद घालायचा नाही, हे आज, डोकं शांत असताना मला दोघांनीही लिहून द्या. आई, तुला तसं दिसलं तर बाबांना विचारत बसू नकोस, थेट मला फोन कर.

खरेदीची घाई नको. जिथे भाड्याने पिस्तूल मिळतं अशा रेंजवर मी तुम्हाला घेऊन जाईन. तीन-चार प्रकार झाडून बघू, प्रशिक्षक बरोबर असेलच. पिस्तूल आधी आईच्या हातात जाईल, बाबा नंतर. तिला दुसऱ्या मॅगझिननंतरही झाडावंसं वाटलं, तेच घेऊ. तोवर आई, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सोडू नकोस, आणि बाबा, कानांच्या डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवा. रेंजवर जाण्याआधी ती झालेली बरी.

तुमची,
मनू