'लिबरल' म्हणजे नक्की कोण?

संपादक महोदय,

परदेशी निवडणुकांच्या बातम्यांत 'लिबरल' शब्द दिसला की सरसकट 'उदारमतवादी' छापून मोकळे होता, पण अहो अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडे झुकलेला आणि ऑस्ट्रेलियात १९४४ साली स्थापन झालेली लिबरल पार्टी चक्क उजवीकडची, मग वाचणाऱ्याने समजायचं काय? जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्षही तसा कॉन्झर्व्हेटिव्हच. डेन्मार्कची तर कमालच, तिथल्या 'व्हेन्स्त्रे' पक्षाच्या नावाचा अर्थच 'डावे' आणि पक्ष मात्र उजव्या बाजूचा! रंगांचंही तेच, लाल म्हटलं की आपल्याला कम्युनिस्ट आठवतात, अमेरिकेत २००० च्या निवडणुकीपासून लाल म्हणजे रिपब्लिकन, तिथला उजवा पक्ष. निदान कंसात एक ओळ टाका ना, हा पक्ष तिथे कुठल्या बाजूचा मानतात ते.

एक वाचक