ऑक्सिजनअभावी कुणी दगावले नाही, मग त्या कागदावर माझी सही कशाला घेतली?

22 जुलै 2021

प्रति,
मा. डॉ. भारतीताई पवार,
आरोग्य व कुटुंब कल्याण राज्यमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

ताई, सप्रेम नमस्कार.

7 जुलैला आपण मंत्रिपदाची शपथ घेतलीत, तेव्हा घरात दुःख असूनही बरे वाटले होते. आपल्या दिंडोरी मतदारसंघातली बाई, त्यात स्वतः डॉक्टर, आणि खाते आरोग्याचे. म्हटले, आता तरी आपले कुणी ऐकेल.

पंधरा दिवसही झाले नाहीत. मंगळवारी, 20 तारखेला, राज्यसभेत खासदार के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नाला आपल्या नावाने लेखी उत्तर गेले. ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने रुग्ण दगावले, हे खरे आहे का, असा तो प्रश्न होता. उत्तर आले की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही.

ताई, मी निफाड तालुक्यातली. एप्रिलमध्ये माझे मिस्टर जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल होते. दाखल करतानाच माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. खाली नातेवाइकाची सही. दुसरीकडे कुठे बेडच नव्हता, सही केली. तिसऱ्या रात्री सिस्टर आल्या आणि मिस्टरांच्या ऑक्सिजनचा फ्लो कमी करून गेल्या. मी विचारले तर म्हणाल्या, मावशी, सगळ्यांना सकाळपर्यंत पुरवायचाय. माझा दीर पिकअपमध्ये रिकामा जम्बो सिलिंडर घालून एमआयडीसीतल्या प्लांटबाहेर रांगेत उभा होता. इकडे ऑक्सिमीटर 88 वरून 81, 81 वरून 74. ऑक्सिजन चालू असला की भिंतीवरच्या बाटलीत बुडबुडे येत असतात, ते बघत मी बसले होते. पहाटे ते बुडबुडे थांबले. आवाज दिला, तेव्हा वॉर्डबॉय पळत आला, बाटलीला टिचकी मारली आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या हातात दुसरे काही नव्हतेच. त्या पहाटे आमच्या वॉर्डातून एकटे माझेच मिस्टर गेले नाहीत.

दाखल्यावर लिहिले आहे कोविड न्यूमोनिया. आपण डॉक्टर आहात, आपल्याला मी काय सांगावे? मृत्यूचे कारण लिहिण्याच्या नमुन्यात आजाराचे नाव लिहायचे असते. त्या वेळी ऑक्सिजन संपला होता का, असा रकानाच त्यात नाही. जे विचारलेच नाही ते राज्ये कळवणार कुठून? आणि कळवले नाही म्हणून ते घडलेच नाही, असे भासवणारे उत्तर संसदेत द्यायचे?

बरे, याच उत्तरात आपले खाते म्हणते की पहिल्या लाटेत ऑक्सिजनची मागणी 3,095 टनांपर्यंत गेली होती आणि दुसऱ्या लाटेत ती जवळजवळ 9,000 टनांवर पोहोचली. तिप्पट. विशाखापट्टणमहून टँकर रेल्वेवर चढवून नाशिकला आणावे लागले, ते काय हौस म्हणून आणले? 21 एप्रिलला आपल्याच जिल्ह्यात, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि 22 रुग्ण तडफडून गेले. राज्य सरकारने त्यांच्या वारसांना 5 लाख जाहीर केले. गोव्यात 11 मे रोजी खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहाटे 2 ते 6 या वेळात 26 रुग्ण दगावले आणि उच्च न्यायालयाने याची चौकशी करावी. दिल्लीच्या बत्रा रुग्णालयात 1 मे रोजी 12 जण गेले, त्यांत तिथलेच एक डॉक्टर होते. हे सगळे वर्तमानपत्रांत आले, न्यायालयांत बोलले गेले. फक्त आपल्या खात्याच्या टेबलावर आले नाही.

राज्यालाही मी सोडणार नाही. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे आम्ही म्हटलेच नाही, अशी भाषा आता मुंबईतही सुरू झाली आहे. दिल्ली राज्यांकडे बोट दाखवते, राज्य दिल्लीकडे. सत्तेतले पक्ष वेगळे, पण हात झटकायची पद्धत एकच.

गेल्या सप्टेंबरातही हेच झाले. अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले, याला कामगार मंत्रालयाचे लेखी उत्तर होते की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्याच अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांनी मात्र श्रमिक गाड्यांमध्ये 97 जणांचा मृत्यू झाल्याचे सांगितले. म्हणजे मोजायचे ठरवले की मोजता येते! जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे 2005 चा माहिती अधिकार कायदा सांगतो. पण संसदेलाच माहिती आलेली नाही म्हणून सांगितले जात असेल, तर माझ्यासारखीने दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज कुणाकडे करायचा?

याच संसदेत 1957 साली काँग्रेसचे खासदार फिरोज गांधींनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला मुंदडा प्रकरणात उभे-आडवे विचारले होते. आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटी रुपये उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कुणाच्या सांगण्यावरून गुंतवले, एवढाच प्रश्न. न्या. छागलांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना घरी जावे लागले. तिथे पैशांचा हिशेब होता, इथे माणसांचा आहे. सत्ताधारी बाकांवरून एक तरी खासदार उठला का? दिंडोरी, नाशिक, धुळे, जळगाव, सगळीकडच्या खासदारांना आम्ही मते दिली ती मान डोलावायला?

रुग्णालयांत ऑक्सिजनची रोजची नोंदवही असते. टँकर किती वाजता आला, किती टन उतरला, याच्या पावत्या असतात. मृत्यूच्या नोंदवहीत वेळ असते. एप्रिल आणि मे महिन्यांच्या या तिन्ही नोंदी प्रत्येक जिल्ह्याकडून मागवा, समोरासमोर ठेवा आणि जे निघेल ते सभागृहाच्या पटलावर ठेवा. उशीर केलात तर या वह्या रद्दीत जातील. कोविडमृतांच्या कुटुंबांना मदत देण्याचे निकष ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 जूनला सांगितले आहे, तेही या कामासोबत होऊ द्या. पण मला आधी मदत नको. माझा नवरा कशाने गेला ते सरकारने कागदावर लिहून द्यावे.

सभागृहात दिलेले उत्तर मंत्र्यांना निवेदन करून दुरुस्त करता येते. अधिवेशन 13 ऑगस्टपर्यंत आहे. तोवर ते करा. माझ्या सहीच्या त्या कागदाची झेरॉक्स आपल्या दिल्लीच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने वेगळी पाठवली आहे, त्याची पोच द्यावी.

आपल्या मतदारसंघातील एक मतदार,
ता. निफाड, जि. नाशिक