दाट केस बसवायचे तर

संपादक महोदय,

गोव्याच्या दमट हवेत दाट, फुगणारे केस सरळ, टोकदार ठेवायचे तर आधी कात्री नीट चालायला हवी. मुळाजवळ थिनिंगची (केस विरळ करणारी दातेरी) कात्री फिरवली की आखूड केस वरच्या केसांना उचलतात आणि फुगारा वाढतो. ती मधल्या लांबीपासून खालीच चालवावी. ओलसर केसांना हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारे द्रव्य) लावून ड्रायरची हवा मुळाकडून टोकाकडे सोडावी. इस्त्री पूर्ण कोरड्या केसांवरच, 2 सेंटिमीटरच्या बटा घेऊन, 180 अंश सेल्सियसच्या आसपास. चर्र आवाज आला तर ओल राहिली आहे, तिथेच थांबावे.

‘केराटिन’ (केस सरळ-मऊ करणारी पार्लरमधली रासायनिक प्रक्रिया) करताना डोळे चुरचुरतात ते बहुधा फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने. दारे-खिडक्या बंद असलेल्या एसी खोलीत हे काम करणे पार्लरांनी कृपया थांबवावे.

— दोन केशकर्तनकार, म्हापसा