सोपा व्यायाम कोणासाठी?

महोदय,

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या 'सोप्या' व्यायामांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. रोज 25 सूर्यनमस्कार, वर श्वास रोखून धरायचा, आणि फोटो विशीतल्या मुलीचा. हे सोपं कोणाला, ते लिहायला हवं होतं. आजारी व्यक्तींनी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ तळाशी इतक्या बारीक टाइपात आहे की मला ती दुसऱ्या वाचनात सापडली.

मी चिडून लिहितोय, कारण हे आमच्या घरात घडलंय. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पत्नीला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र धरलेलेच. अशक्तपणा जावा म्हणून तिने असाच एक लेख कापून फ्रीजच्या दाराला लावला आणि पहिल्याच दिवशी 12 नमस्कार घातले. अंगाचा सगळा भार सुजलेल्या मनगटांवर. दुसऱ्या दिवशी तिला चहाचा कप धरवेना. पुढे दीड महिना पोळ्या मी लाटल्या.

मग एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊ लागल्या. हात न टेकता खुर्चीवरून उठा, एवढंच त्यांनी सांगितलं. पत्नी दोनदा उठली, तिसऱ्यांदा मांड्या थरथरायला लागल्या. "आज पुरे काकू, उद्या परत," म्हणाल्या. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. श्वास कोंडायचा नाही. आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे तो आपोआप चालू राहतो. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं. लसिका, म्हणजे ज्यातून पांढऱ्या पेशी अंगभर फिरतात तो द्रव, त्याला तर हृदयासारखा पंपच नाही. स्नायू हलले की तो पुढे सरकतो. हे त्यांनी इतकं नीट समजावलं की पत्नी आजही दूध ओट्यावर ठेवलं की टाचा उचलते. दिवाळीनंतर ती पर्वती चढली. वाटेत तीनदा बसली, पण चढली.

नियमित, झेपेल एवढा व्यायाम प्रतिकारशक्तीला मदत करतो, यात वाद नाही. पण दहा दिवसांत ती दुप्पट होते, हे कशाच्या आधारावर छापलंत? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पासष्टीपुढच्यांनी शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत म्हणते. तोलाबद्दल लेखात एक अक्षर नाही. अंगात ताप असताना व्यायाम करू नये, हेही नाही. पुढच्या पुरवणीत खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम छापा, आणि फोटो साठीच्या बाईचा घ्या.

आता चालण्याबद्दल. 150 मिनिटं चालायचं तर चालायचं कुठे? आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर सकाळी सहालाही दुचाक्या उभ्या असतात. पत्नी माझा दंड धरून रस्त्याच्या कडेने चालते आणि मागून हॉर्न वाजला की दचकून तिचा तोल जातो. सगळ्या पेठांत, उपनगरांत हीच रड आहे. एकदा सकाळी फोटोग्राफर पाठवा, मी दाखवायला येतो.

– एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे