मुंग्यांनी राखलेला वृक्ष

संपादक महोदय,

आफ्रिकेतील वर्षावनांविषयी लिहिताना उंच वृक्षांनाच जागा मिळते, म्हणून त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या बार्टेरिया फिस्तुलोसा या लहान वृक्षाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कृष्णकमळाच्या कुळातला हा वृक्ष नायजेरियापासून काँगो खोऱ्यापर्यंतच्या सखल प्रदेशातील जंगलांत आढळतो. त्याच्या आडव्या फांद्या आतून पोकळ असून त्यांत टेट्रापोनेरा प्रजातीच्या काळ्या मुंग्या वस्ती करतात. त्या पाने स्वच्छ ठेवतात, अंगावर चढणाऱ्या वेली कुरतडतात आणि झाडाला धक्का लागताच धावून येऊन अतिशय वेदनादायी डंख करतात. बुंध्याभोवतीची जमीनही त्या इतर रोपांपासून मोकळी राखतात, त्यामुळे प्रकाशासाठीची स्पर्धा कमी होते आणि अंधाऱ्या जंगलात माझ्या मते हा लाभ फार मोलाचा आहे. वृक्षतोडीच्या चर्चेत अशा सहजीवनाचीही दखल घेतली जावी, ही विनंती.

आपला,
एक वनस्पतिप्रेमी वाचक, पुणे