पाटीवर हसा, पण कारणही सांगा

रविवारच्या पुरवणीतला परदेशातल्या चुकीच्या इंग्रजी पाट्यांवरचा लेख वाचला, मजा आली, पण ‘चिन्यांना इंग्रजी येतच नाही’ हा शेरा अजिबात पटला नाही. शांघायमध्ये ओल्या फरशीवर ‘काळजीपूर्वक घसरा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी मीही पाहिलीय, खूप हसलो, मग चिनी शिकणाऱ्या भाचीने समजावलं की मूळ चिनी मजकूर (‘सावधान, जमीन निसरडी आहे’) अगदी बरोबर असतो, चारच अक्षरं, त्यातलं तिसरं ‘दी’ वाचलं तर जमीन आणि ‘द’ वाचलं तर ‘-पूर्वक’सारखा प्रत्यय, भाषांतर करताना प्रत्ययाचा अर्थ धरला की झाला घोटाळा. शिवाय चीनने डिसेंबर २०१७ पासून अशा पाट्यांच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय मानकही लागू केलंय. लेखात हे यायला हवं होतं.

– एक वाचक, ठाणे