खालीवरची टाळी

प्रिय अंकल,

गेल्या रविवारी आमच्या बँडच्या तालमीत संथ ब्लूज चालला होता, मी ड्रमवर होते, मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत. तिसरी फेरी संपत आली तेव्हा बास वाजवणारा माझ्याकडे वळला, त्यानं मान डोलावली आणि पुन्हा आपल्या तारांवर नजर लावली. बोलला काहीच नाही. दोन वर्षं तो दर तालमीला मला एकच विचारत आलाय, "तुझे दोन आणि चार कुठे जातात?" चार ठोक्यांतला दुसरा आणि चौथा ठोका, असं त्याला म्हणायचं असतं. रविवारी त्यानं ते विचारलं नाही. घरी येऊन चप्पल काढतानाच माझ्या ड्रमच्या गुरूंची, तुमची आठवण झाली आणि हे पत्र लिहायला बसले.

तुम्हाला देवनागरी वाचताना त्रास होतो हे मला माहीत आहे. सूनबाई वाचून दाखवतील. तरी हे चारचौघांसमोर लिहितेय, कारण तबल्यावरून ड्रमकडे वळलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत. शफल या झोकेदार ठेक्यापाशी आमची गाडी नेमकी कुठे रुतते ते तुम्ही मला दाखवलंत, आणि ते मी एकटीनं जवळ ठेवणं बरोबर नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दीड वर्ष एका क्लासला जात होते. शाळेपासून तबला, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे एका ठोक्याचे दोन सारखे भाग करून वाजणारे सरळ बीट चटकन बसले. मग एके दिवशी शफल आला. कागदावर तेच दोन-दोन स्वर, वर फक्त 'स्विंग' लिहिलेलं. मी वाजवलं की ते लंगडायचं. कसं सुधारू असं विचारलं तर उत्तर मिळालं, "ते फील असतं, कुणाकडे असतं, कुणाकडे नसतं." मी ते खरं मानलं. तेहेतिसाव्या वर्षी एखादी गोष्ट जीव लावून शिकायला घ्यावी आणि ती आपल्यात मुळातच नाही असं ऐकावं, याचं दुःख किती खोल जातं ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

माहीमची तुमची ती खोली. पूर्ण ड्रमसेट सोसायटीपायी तुम्ही कधीच विकून टाकला होता. एक प्रॅक्टिस पॅड, आवाज दबावा म्हणून खालून टेप लावलेला राइड सिंबल, म्हणजे मोठी झांज, आणि पायानं उघडझाप करायची जोडझांज, हाय-हॅट. तिची वरची झांज धरणारा क्लच सारखा ढिला व्हायचा. पहिल्या गुरुवारी तुम्ही मला स्टिक हातात घेऊच दिल्या नाहीत. आधी काय वाजवायचीस, एवढंच विचारलंत. तबला म्हटल्यावर म्हणालात, "मग तुला तीन येतात. दादरा म्हण."

मी म्हटला. धा धी ना, धा ती ना.

"दोनदा म्हण. किती झाले?"

बारा.

"हा ब्लूजचा एक बार."

चार ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. ज्याला पाश्चात्त्य लिपीत १२/८ लिहितात तो संथ ब्लूजचा बार म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. मग तुम्ही 'धी' आणि 'ती' तोंडातल्या तोंडात म्हणायला लावलेत. आवाज करायचा नाही, पण जागा सोडायची नाही. धा, मग एक मुकी मात्रा, मग ना. धा, मुकी मात्रा, ना. दहा मिनिटांत माझ्या तोंडून शफल यायला लागला. इतके दिवस मी दोनच स्वर मोजत होते आणि त्यांच्यामधलं अंतर अंदाजानं ठेवत होते, म्हणून ते लंगडत होतं. न वाजणारा मधलाही मोजायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले होते. तुम्ही पाहिलंत की नाही कोण जाणे, पण चहा टाकतो म्हणून आत गेलात.

खरी अडचण दुसऱ्या गुरुवारी उघडी पडली, आणि त्यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. पॅडवर शफल वाजवताना माझे दोन आणि चार, म्हणजे स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचे ठोके, विझलेले होते. क्लासमध्ये सगळे म्हणायचे, जोरात मार. मी जोरात मारायचे, की लयच घसरायची. तुम्ही मात्र हाताकडे पाहिलंच नाहीत, मला पुन्हा दादरा म्हणायला लावलात, या वेळी टाळी-खालीसकट. मी समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी दिली, चौथ्या मात्रेला हात बाजूला करून खाली, म्हणजे टाळी नसलेली जागा दाखवली. तुम्ही माझा तो बाजूला गेलेला हात मनगटाशी धरलात आणि म्हणालात, "हे बघ. तुझा स्नेअर इथे पडतोय."

ज्यांना तबला येतो त्यांनी एकदा हे करून पाहावं. दादऱ्याची सम पहिल्या मात्रेवर, खाली चौथ्या मात्रेवर. दोन आवर्तनं चार ठोक्यांच्या बारवर ठेवली की सम येते एक आणि तीनवर, आणि खाली येते बरोब्बर दोन आणि चारवर. शफलमध्ये स्नेअर वाजतो तो दोन आणि चारवरच. म्हणजे लहानपणापासून ज्या जागी माझं सगळं अंग हलकं होत आलं होतं, नेमक्या त्याच जागी सर्वांत ठाम आवाज द्यायचा होता. हात आळशी नव्हता. तो शिकल्याप्रमाणे इमानेइतबारे वागत होता. दोष माझ्यात नसून सवयीत आहे हे कळल्यावर मला जेवढं मोकळं वाटलं, तेवढं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग तीन आठवडे तुम्ही मला एवढंच दिलंत: दादरा म्हणायचा आणि टाळी खालीवर द्यायची. समेवर हात मुका. स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंत चालताना, कणीक मळताना, ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी तेच करत होते. समेला टाळी न देणं सुरुवातीला मला अपराधासारखं वाटायचं, माझ्या तबल्याच्या गुरुजींचा चेहरा समोर यायचा. एकदा ते तुम्हाला बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "सम जाते कुठे? ती पायात आहे." पायानं वाजणारा बास ड्रम एक आणि तीनवर, टाळी दोन आणि चारवर. त्या दिवसापासून माझ्यातली तबला वाजवणारी मुलगी आणि ड्रम वाजवणारी बाई यांचं भांडण मिटलं.

स्टिक आल्या त्यानंतर. एका ठोक्यात तीन स्ट्रोक, हात आळीपाळीनं: उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा. तीन हा विषम आकडा, त्यामुळे प्रत्येक ठोक्याची सुरुवात दुसऱ्याच हाताकडे जाते. तबल्यात दोन्ही हातांची कामं वेगळी, डाव्यानं उजव्यासारखं वाजावं अशी अपेक्षाच नसते, म्हणून माझा डावा हात इथे सारखा उघडा पडायचा. टिकटिकून लय दाखवणारा मेट्रोनोम पन्नासवर, आणि दीड महिना तो तिथून हलला नाही. मी आकडा वाढवू का विचारलं की तुमचं ठरलेलं, "सवकास, बाय."

पुढे मधली मात्रा तुम्ही परत दिलीत, पण डाव्या हाताला आणि अगदी हळू. स्टिक पॅडपासून बोटभरच उचलायची. उजवा ठोक्याचा पहिला आणि तिसरा वाजवतो, त्यामुळे उजव्याला तिसरा आणि लगेच पुढचा पहिला असे दोन लागोपाठ येतात, आणि डावा मधे कुजबुजतो. ते बसल्यावर डाव्यानं तीच हालचाल हवेत करायची, आवाज न करता. असा तो मधला स्ट्रोक आधी वाजवून, मग पुसून, माझ्या हातात मुरला. कुजबुजत्या डाव्या हातावरच अमेरिकन ड्रमर बर्नार्ड पर्डी यांचा प्रसिद्ध हाफ-टाइम शफल उभा आहे, आणि ड्रमर जेफ पोर्कारो यांनी १९८२ साली टोटो या बँडच्या 'रोझॅना' गाण्यात जो शफल वाजवला त्याची मुळं त्यातही आहेत, हे तुम्ही सांगितल्यावर मी तो ऐकला. त्याआधी शंभरदा ऐकलेला होता, पण मधले ते बारीक स्ट्रोक मला कधी ऐकूच आले नव्हते.

राइडवरचा स्विंग, म्हणजे जॅझचा झोका, मात्र मला शफलपेक्षा कितीतरी जड गेला. डिंग, डिंग-ड, डिंग, डिंग-ड. मी त्यातला बारीक 'ड' मागच्या 'डिंग'ला चिकटवत होते. तुम्ही तबल्याचाच शब्द शोधून काढलात: "ना हा मागच्या धाची शेपटी नाही. पुढच्या धाचा मुखडा आहे." समेवर नेणारा मुखडा! एवढं ऐकल्यावर हात आपोआप पुढे कलला. डाव्या पायानं दोन आणि चारवर हाय-हॅट बंद करायची, आणि ऐंशीच्या लयीला मेट्रोनोम चाळीसवर लावून त्याची टिकटिक म्हणजे दोन आणि चार असं धरून चालायचं. मेट्रोनोमही खालीवर टाळी देतो, असं मी मनात म्हणायचे. एकचा ठोका सांगायला कुणी नसतं, तो आपला आपण जपायचा.

एक गुरुवार मला विशेष आठवतो. मी स्वीडनमधल्या फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रॉम या संशोधकांचा २००२ सालचा अभ्यास वाचून आले होते. त्यांनी टोनी विल्यम्स, जॅक डिजॉनेट अशा जॅझ ड्रमरांच्या राइडवरचे स्ट्रोक मोजले होते. स्विंगमधला लांब स्वर छोट्याच्या दुप्पट, म्हणजे तंतोतंत तिनाच्या हिशेबात, नेहमीच नसतो. संथ लयीत तो साडेतीन पटीपर्यंत जातो आणि अतिद्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. मध्यम ते द्रुत लयीत छोटा स्वर साधारण एक दशांश सेकंदाचाच राहतो, लय वाढते तसा लांब स्वर आखडतो. मी जरा घाबरून विचारलं, मग आपण इतके महिने तीन मोजले ते चूक का? तुम्ही शांतपणे राइड पुढे ओढलीत आणि तीन वेगवेगळ्या लयींत वाजवून दाखवलंत. संथ लयीत 'ड' पुढच्या 'डिंग'च्या कुशीत शिरला, द्रुत लयीत दोघं एका रांगेत आले. मोजमापाचा कागद तुम्ही कधी पाहिला नव्हता, हाताला ते ठाऊक होतं. "तीन हे घर," तुम्ही म्हणालात, "घर पक्कं असलं की अंगणात फिरता येतं." माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते आता लिहिलेलं आहे.

आणि त्या घराची वाट किती लांबून आली, तेही तुम्हीच सांगितलंत. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले आणि त्यांच्या बँडमध्ये गोव्याकडचे वादक त्यांच्या शेजारी बसून वाजवू लागले. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम शिकलेली, सुरांची लिपी घडाघडा वाचणारी ही माणसं. कागदावर नसलेला स्विंग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरून उचलला. पुढे गोव्यातल्या हल्दोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचं, म्हणजे चिक चॉकलेट यांचं ट्रम्पेट आपल्या चितळकरांच्या, सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आलं आणि तो झोका सिनेमाच्या गाण्यांतून घराघरात पोचला. माझी आजी ती गाणी गुणगुणायची. तुम्ही त्या पिढीच्या मागे बसून शिकलात. न्यूयॉर्क-शिकागोकडून निघालेली एक गोष्ट ताजच्या मंचावरून तुमच्या वडीलधाऱ्यांकडे, त्यांच्याकडून तुमच्याकडे आणि माहीमच्या त्या खोलीतून माझ्या मनगटात आली. कुणाकुणाचे आभार मानू? ज्यांना भेटता येतं ते तुम्ही एकटेच, म्हणून सगळ्यांचे तुमच्यापाशीच मानते.

तुमचं ते दुलपदही, गोव्याकडचं ते नाचरं कोकणी गाणं. दादरा म्हणून म्हणून माझा घसा बसला होता त्या दिवशी तुम्ही मांडीवर ६/८चा ठेका धरून दुलपद गायलात आणि म्हणालात, मी पण सहातूनच आलोय. शिकवणाऱ्यानं आपण कुठून आलो ते सांगितलं की शिकणाऱ्याला केवढा धीर येतो!

फी तुम्ही महिन्याला पाचशे रुपये घेतलीत, मोजून. फुकट मिळालेलं जिना उतरेपर्यंत विसरतं, असं म्हणायचात. पण ठरलेला एक तास कधी दोन तासांच्या आत संपला नाही, त्याचा हिशेब तुम्ही कधी मांडला नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात चार महिने मी आले नाही. परत आले त्या गुरुवारी पॅडसमोरचं स्टूल माझ्या उंचीला लावलेलं होतं.

रविवारचं रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. दुसऱ्या फेरीत मी एके ठिकाणी थोडी पुढे धावलेय, ते तुम्हाला लगेच कळेल. तिसरी फेरी मात्र ऐकाच. तिथे दोन आणि चार आहेत, अंकल.

येत्या गुरुवारी साडेपाचला येते. हाय-हॅटसाठी नवा क्लच घेतलाय, तोच घेऊन येतेय.

तुमची,
गुरुवारची विद्यार्थिनी